अडकलेला प्लग आणि दीड हाताची नळी



लोणच्याच्या काचेच्या बरणीचे पत्र्याचे झाकण अडकले की घरात काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. आधी सूनबाई जोर लावते. मग सासूबाई पदर गुंडाळून पाहतात. मग घरातला एखादा तरणाबांड गडी बाह्या सारून पुढे येतो, दात-ओठ खातो, आणि झाकण निघण्याऐवजी बरणीच हातातून निसटते. जाणती आजी मात्र झाकणावर गरम पाण्याची धार धरते, फडक्याने पुसते आणि दोन बोटांनी झाकण उघडून देते. जोर कुणाचा जास्त होता? तरण्याचा. काम कुणी केले? आजीने.

आज लिहायचे आहे ते इंजिनाच्या अडकलेल्या प्लगविषयी. पण ही बरणी ध्यानात ठेवा. सगळी गोष्ट तिच्यातच आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या दारात ट्रॅक्टर आहे, त्याला कुठला प्लग? खरे आहे. मुंबईच्या कांदिवलीत महिंद्राचा ट्रॅक्टर बनू लागला तो १९६०च्या दशकात, आणि तेव्हापासून आपल्या शेतांत आलेले बहुतेक ट्रॅक्टर डिझेलचे आहेत. डिझेल ठिणगीवर पेटत नाही, दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेटते. पण घरात जरा नजर फिरवा. मोटारसायकल, पेट्रोलवरचा फवारणी पंप, गवत कापायचे यंत्र, थोरल्याने शहरातून आणलेली जुनी व्हॅन, नात्यातल्या कुणाची तरी उपनगरातली रिक्षा, या सगळ्यांना प्लग आहे. म्हणजे हा विषय तुमच्या घरचाच आहे.

आता घडलेली गोष्ट सांगतो. माझा एक भाचा मुलुंडला राहतो. पहाटे वाशीच्या बाजारातून भाजी उचलायची आणि मुलुंड-भांडुपच्या दुकानांत पोहोचवायची, हा त्याचा धंदा. गाडी म्हणजे जुनी मारुती ऑम्नी, सीएनजीवर चालणारी. गेल्या पावसाळ्यानंतर मी त्याच्याकडे चार दिवस गेलो होतो. पहाटे त्याच्याबरोबर गाडीत होतो आणि ऐरोलीच्या पुलावर चढाला गाडी झटके देऊ लागली. तीन सिलिंडरचे इंजिन, त्यातले एक मधूनच काम सोडत होते. भाचा म्हणाला, "मामा, प्लग गेलाय. घरी गेलो की बदलतो."

प्लग शंभर-दीडशे रुपयांचा. तीन नवे आणले. पुढची सीट उचलून इंजिन उघडले. पहिला प्लग निघाला, तिसराही निघाला. मधला हलेना. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या कुठल्याशा गॅरेजात तो बसवला होता, तो हातभर लांब पाना लावून, कुरकुरेपर्यंत आवळून. भाच्याने आधी हाताने जोर केला. मग पायाने. मग खाली गेला आणि पाण्याच्या लोखंडी नळीचा दीड हात तुकडा घेऊन आला. पान्याच्या दांडीत नळी घातली, म्हणजे तरफ लांब झाली, आणि त्याने झोका दिला. कट् असा आवाज आला. प्लगच्या डोक्यावरची पांढरी चिनीमाती तडकली होती. प्लग जागचा हलला नव्हता.

भाच्याने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. तो तिथेच थांबला. आणखी एक झोका दिला असता तर शंभराच्या प्लगापायी इंजिनाचे हेड उतरवावे लागले असते. मग काही हजारांचा खर्च, आठवडाभर गाडी उभी, आणि तोवर दुकानदारांनी दुसरा भाजीवाला धरलेला. हातावर पोट असलेल्या माणसाला हे परवडत नाही.

दुरुस्तीच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री घाटकोपरला आहेत. दोन प्लग बसवून, तडकलेला तसाच ठेवून, गाडी हळूहळू लालबहादूर शास्त्री मार्गाने त्यांच्याकडे नेली. हा रस्ता म्हणजे जुना आग्रा रोड. शीवपासून कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करत ठाण्याला जातो. मोटारीच्या दुरुस्तीला या रस्त्याचा जुना शेजार आहे. वालचंद हिराचंद हे नाव ऊस पिकवणाऱ्यांना वालचंदनगरामुळे ठाऊक आहे. सोलापुरात जन्मलेल्या याच गृहस्थांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला. ज्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला मुंबईकर शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले, ती या कारखान्याची. १०८९ सीसीचे इंजिन, चार सिलिंडर, चार प्लग. तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, तिची वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरात भरली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी गेली. आमचे मिस्त्री पोरवयात याच टॅक्सींचे प्लग काढत-घालत काम शिकले.

त्यांनी गाडी पाहिली, भाच्याच्या हातातली नळी पाहिली आणि म्हणाले, "पोरा, ही नळी आधी भंगारात दे. मग बोलू."

प्लग अडकतो कशाने?

मिस्त्रींनी हात लावण्याआधी समजावून सांगितले, ते तुम्हीही समजून घ्या. प्लगचे बाहेरचे अंग पोलादाचे, आणि ज्या हेडात तो बसतो ते बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. म्हणून जोर केला की प्लगचे आटे शाबूत राहतात आणि हेडाचे आटे उपटून येतात. प्लग बदलता येतो, हेड सहजी बदलता येत नाही.

दुसरे असे की, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल शिरली, की तिथे जंग धरतो आणि दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरून बसतात. मुंबईची हवा खारी, त्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरवर पाऊस. ऑम्नीसारख्या गाडीत इंजिन सीटखाली, खालून चिखल-पाणी उडायचे. तिसरे, इंजिनातली काजळी प्लगच्या खालच्या आट्यांवर जमते आणि दगडासारखी होते. चौथे आणि सगळ्यांत मोठे कारण माणसाचे: प्लग बसवताना तो गरजेपेक्षा जास्त आवळणे.

सीएनजीचाही थोडा हात आहे. पेट्रोल बारीक थेंबांनी आत जाते आणि त्याची वाफ होताना थोडा गारवा येतो. गॅस कोरडाच जातो. शिवाय गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. म्हणून प्लग झिजला की गॅसवरची गाडी आधी कुरकुरते. रिक्षावाल्यांनी आणि व्हॅनवाल्यांनी प्लगकडे लवकर बघावे ते यासाठी.

काढायचा कसा?

मिस्त्रींनी ज्या क्रमाने काम केले, तोच क्रम सांगतो.

पहिली गोष्ट, इंजिन थंड होऊ दिले. चावी काढली, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली, गॅसच्या टाकीची झडप बंद केली. आजूबाजूला कुणी बिडी ओढत नाही ना, ते पाहिले.

दुसरी गोष्ट, प्लगच्या तारांवर खडूने एक, दोन, तीन असे आकडे टाकले. तारांची अदलाबदल झाली की गाडी फटके मारते. तार ओढताना तारेला धरायचे नाही, टोकाच्या टोपीला धरून किंचित पीळ देऊन काढायची.

तिसरी गोष्ट, सायकलच्या पंपाने प्लगच्या भोवतीची धूळ-माती उडवून दिली. हे काम पुष्कळजण विसरतात. प्लग निघाला की ती वाळू थेट सिलिंडरात पडते आणि पिस्टनच्या भिंतीवर ओरखडे काढते. फवारणी पंपाला तर शेतातली माती चिकटलेलीच असते.

चौथी गोष्ट, पाना बरोबर मापाचा. जुन्या प्लगांना मोठ्या षटकोनाचा पाना लागतो, नव्यांना १६ मिलिमीटरचा. पाना प्लगवर सरळ आणि खोल बसला पाहिजे. तिरका पाना म्हणजे तडकलेली चिनीमाती.

मग त्यांनी पान्यावर सावकाश, सारखा दाब दिला. झटका नाही, हातोडा नाही. प्लग हलला नाही. त्यांनी पाना काढून ठेवला, गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब प्लगच्या बुडाशी सोडले आणि चहा सांगितला. भाचा म्हणाला, "काका, आता?" म्हातारबोवा म्हणाले, "आता तेल काम करतंय. आपण बसायचं."

तासाभराने पुन्हा दाब दिला. या खेपेला प्लगने कर् असा बारीक आवाज केला आणि केसभर हलला. तुमचा-माझा हात असता तर खुशीत पुढे फिरवत गेला असता. मिस्त्रींनी काय केले? घड्याळाचा तासकाटा बारावरून दीडवर येतो इतकाच प्लग सैल केला आणि परत आवळून जागी नेला. पुन्हा तेल. पुन्हा तितकाच सैल, पुन्हा घट्ट. ढेकळात रुतलेला फाळ आपण मागेपुढे हलवून सोडवतो, तसेच हे. पुढे-मागे केल्याने आट्यांतली काजळी आणि जंग यांचा चुरा होतो, तेलाबरोबर तो निघतो. एकाच दिशेने फिरवत गेले तर तोच चुरा आट्यांत पाचरीसारखा बसतो आणि हेडाचे आटे ओरबाडतो.

इतक्यानेही हलला नाही तर? सांडलेले तेल पुसून घ्यायचे, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून कोमट करायचे, हात ठेवता येईल इतकेच. मग पुन्हा सावकाश दाब. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती विस्तवात तापवतो, कारण तापले की लोखंड फुगते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून हेड कोमट झाले की भोक प्लगपेक्षा किंचित जास्त मोठे होते आणि पकड सुटते. हीच ती आजीची गरम पाण्याची धार. पण खूप तापलेल्या इंजिनाला हात घालू नका, आणि तापल्या हेडावर गार पाणी तर कधीच ओतू नका, हेडाला चीर जाते. ज्याची चिनीमाती आधीच तडकली असेल, त्या प्लगवर इंजिन चालवायचे झाले तर ते मिस्त्रीच्या नजरेखालीच चालवावे. तुकडा सुटलेला असेल तर मुळीच चालवू नये.

भाच्याचा प्लग कोमट करण्याची वेळ आली नाही. सहा-सात वेळा मागेपुढे करून तो निघाला. घड्याळात पाहिले तर अडीच तास झाले होते. त्यातला पान्याला हात लागला तो वेळ पाव तासाचासुद्धा नसेल.

हे दुखणे फक्त आपल्या जुन्या गाड्यांचे आहे असे समजू नका. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ट्रायटन नावाच्या काही इंजिनांत, २००४ पासूनच्या काही वर्षांच्या गाड्यांत, प्लगचे खालचे टोक काजळीने हेडात धरून बसायचे आणि काढताना प्लगचे दोन तुकडे व्हायचे. कंपनीला मिस्त्रींसाठी खास सूचनापत्रक काढावे लागले. त्यात सांगितलेला उपाय काय? थोडासा सैल करा, काजळी सोडवणारा द्रव घाला, थांबा, मग मागे-पुढे करत काढा. घाटकोपरच्या मिस्त्रींनी ते पत्रक पाहिले असण्याचे कारण नाही. पण खरी रीत दोन्हीकडे एकच निघाली.

तुटलाच तर?

नुसती वरची चिनीमाती फुटली असेल आणि षटकोन शाबूत असेल, तर घाबरू नका. फुटके तुकडे आधी चिमट्याने वेचा, पंपाने उडवा आणि वरचीच रीत वापरा.

षटकोन तुटून आटे आत राहिले, तर मात्र तिथेच हात आवरा. छिन्नी घालून ठोकू नका. उलट्या आट्याचे एक हत्यार मिळते, मिस्त्री त्याला इझी-आउट म्हणतात. ते तुटक्या प्लगच्या पोकळीत उलटे फिरवले की जसजसे घट्ट होते तसतसे आटे बाहेर आणते. हत्याराला ग्रीस फासतात, म्हणजे कीस त्याला चिकटतो आणि आत पडत नाही. हे काम सरावाच्या हाताचे आहे.

चिनीमातीचा तुकडा सिलिंडरात पडल्याची शंका आली, तर गाडीला एकही सेल्फ मारू नका. तो तुकडा दगडासारखा कठीण असतो. पिस्टन आणि झडपा दोघांनाही खातो. बारीक नळी लावून तो ओढून काढावा लागतो, नाहीच निघाला तर हेड उतरवावे लागते.

आणि हेडाचे आटेच गेले असतील तरी हेड टाकून देण्याची घाई करू नका. भोक थोडे मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेची आटेदार गुंडाळी बसवतात. हेलिकॉइल म्हणतात तिला. नीट बसवली तर मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा पक्की राहते. नवे हेड सांगणाऱ्याला आधी हा प्रश्न विचारा.

बसवायचा कसा?

मिस्त्रींचे खरे शिक्षण पुढेच होते. ते म्हणाले, "प्लग अडकतो तो काढायच्या दिवशी न्हाई, पोरा. बसवतात त्या दिवशी अडकतो."

त्यांनी हेडाचे आटे फडक्याने पुसले. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घेतला आणि नव्या प्लगच्या वरच्या टोकावर चढवला. त्या नळीने प्लग भोकात सोडला आणि दोन बोटांनी फिरवला. प्लग तिरका लागला तर रबर घसरते आणि आपल्याला कळते. पाना लावून सुरुवात केली की तिरका प्लगही आत जातो, हेडाचे आटे कापत. पाच-सहा फेरे बोटांनीच झाले पाहिजेत. प्लग बुडाशी टेकला की मग पाना. नव्या प्लगला वायसर असते. ते दबण्यापुरता अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, म्हणजे घड्याळात बारावरून सहा-आठपर्यंत. जुनाच प्लग परत घालत असाल तर वायसर आधीच दबलेले असते, तेव्हा बारावरून एक ते दीडपर्यंत, बस्स. हे माप १४ मिलिमीटर आट्याच्या, वायसरवाल्या प्लगचे आहे. बुड निमुळते असून वायसर नसेल, तर याहूनही कमी, जेमतेम फेऱ्याचा सोळावा हिस्सा.

आट्यांना ग्रीस फासावे का, असे भाच्याने विचारले. मिस्त्रींनी मान हलवली. नव्या प्लगवर गंज न धरण्याचा मुलामा असतोच. वर ग्रीस लावले की हाताला अंदाज येत नाही, प्लग हलका फिरतो आणि नकळत जास्त आवळला जातो. काही प्लग बनवणारेही ग्रीस लावू नका असेच सांगतात.

साधा प्लग साधारण १५-२० हजार किलोमीटरला बदलावा, गाडीच्या पुस्तकात आकडा असतो तो खरा. नव्या गाड्यांत इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटरही चालतात. पण तितकी वर्षे तो हललाच नाही तर जागीच धरून बसण्याची भीतीही तितकीच. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, थंड इंजिनावर प्लग काढून, पाहून, पुसून परत बसवून घ्या.

हे कौतुकापुरते सांगत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतल्या गाड्या पाण्यात गेल्या. २०१९च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरच्या पुरात आपल्या भागातल्या मोटारसायकली आणि व्हॅनी बुडाल्या. बुडालेल्या पेट्रोल गाडीला सेल्फ मारायचा नसतो. सिलिंडरात पाणी असले तर पाणी दबत नाही, आतला दांडा वाकतो आणि इंजिन बाद होते. आधी प्लग काढायचे, ते पाणी भोकातून बाहेर घालवायचे, मग पुढचे काम. त्या दिवशी ज्याचा प्लग हाताने निघतो, त्याचे इंजिन वाचण्याची आशा असते. ज्याचा दीड हाताच्या नळीने आवळलेला असतो, तो काठावर बसून पाहत राहतो.

निघताना भाच्याने पैसे विचारले. मिस्त्रींनी मजुरी घेतली ती अर्ध्या तासाची. तेल मुरण्याचे पैसे नसतात, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी ऐरोलीचा पूल तिन्ही सिलिंडरांवर चढली, आणि ती नळी मी स्वतः भंगारवाल्याला दिली.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातही पान्यांच्या पेटीशेजारी अशी एखादी नळी उभी असेल. विहिरीवरच्या नटबोल्टांना ती खुशाल वापरा. पण पोराने ती प्लगच्या पान्यात घातलेली दिसली, तर त्याच्या हातातून काढून घ्या, तेलाची बुधली द्या आणि चहा टाकायला सांगा.

पुढच्या खेपेला भेटूच. रामराम.